भात्यापासून ९५ अंशांपर्यंत

नवा रायझन ७ ९८००एक्स३डी मदरबोर्डवर बसला, कूलर आवळून झाला, विंडोज सुरू झालं, की घरी बसून विमानं उडवणारे बरेच लोक हल्ली पहिल्यांदा त्याचं व्होल्टेज उतरवतात. बायोसमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ नावाचं पान असतं. तिथे ‘निगेटिव्ह’ निवडायचं, समोर १५ किंवा २० असा आकडा घालायचा आणि बाहेर पडायचं. प्रोसेसरला वीज कमी मिळते, तो कमी तापतो आणि कमी तापल्यामुळे वरच्या वेगावर जास्त वेळ टिकतो. पंचवीस वर्षांपूर्वी याच छंदातली माणसं नेमकं उलटं करत होती. व्होल्टेज चढवायचं, वेग चढवायचा आणि वाढलेल्या उष्णतेसाठी मोठ्यातला मोठा पंखा शोधायचा. एकाच हौसेची रीत अशी उलटी का फिरली, याचा माग काढायचा तर संगणकाच्याही मागे जावं लागतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकणं फार महाग पडे. लिंकने १९२०च्या दशकाच्या अखेरीस कारखान्याच्या तळघरात आखूड पंखांचं एक लाकडी विमान बांधलं आणि ते ऑर्गनच्या भात्यांवर बसवलं. आपल्या पेटीला असतो तसाच भाता, फक्त माणसाचं वजन पेलणारा. दांडी डावीकडे कलवली की झडपा उघडत, भात्यांतली हवा कमीजास्त होई आणि आत बसलेला शिकाऊ डावीकडे झुके. आधी ही यंत्रं करमणुकीच्या बागांमध्येच खपली. १९३४ साली हवाई टपालाचं काम अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांकडे आलं. ढगांत आणि अंधारात नुसत्या उपकरणांवर उडायची सवय नव्हती, त्यात काही जण मेले, आणि मग लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांवर सुमारे पाच लाख लोक तयार झाले.

पुढची पायरी मला या साऱ्या वंशावळीतली सर्वांत मोलाची वाटते. १९४४ साली अमेरिकी नौदलाने एमआयटीकडे एक मागणी केली: कोणत्याही विमानाची गणितं घातली की त्या विमानासारखं वागणारं यंत्र करून द्या. हे काम जे फॉरेस्टर यांच्याकडे आलं. सुरुवातीचा आराखडा अ‍ॅनालॉग यंत्राचा होता, पण तेवढ्याने भागणार नाही हे लवकरच कळलं आणि फॉरेस्टर डिजिटल संगणकाकडे वळले. त्या काळचे संगणक गणित घेत आणि सावकाश उत्तर देत. तोफेच्या गोळ्याचा तक्ता संध्याकाळी मिळाला तरी चालत असे. वैमानिकाने दांडी हलवली तर मात्र उत्तर त्याच क्षणी यायला हवं. दोन सेकंदांनी आलेलं बरोबर उत्तरही तिथे चूकच. या अटीतून ‘व्हर्लविंड’ नावाचा संगणक जन्मला. १९४८ पर्यंत त्यातली विमानाची कोठडी रद्द झाली, १९५१ साली सुमारे ५,००० निर्वात नळ्यांचं ते धूड चालू झालं आणि अमेरिकेच्या हवाई संरक्षणाकडे वळलं. क्षणात उत्तर देणाऱ्या संगणकाची कल्पना विमान उडवण्याच्या सरावासाठी निघाली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

व्हर्लविंडची अडचण गणिताच्या वेगाइतकीच मेमरीचीही होती. आकडे साठवणाऱ्या नळ्या हळू होत्या आणि भरवशाच्या नव्हत्या. १९५३ साली त्यांच्या जागी चुंबकीय कड्यांची मेमरी बसली आणि यंत्राची चाल एकदम सुधारली. ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. सत्तर वर्षांनी गाडी पुन्हा याच ठिकाणी अडली.

घरातल्या टेबलावर विमान आणलं ब्रूस आर्टविक यांनी. इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली त्यांनी विमानाचं हलतं दृश्य संगणकावर काढण्यावर प्रबंध लिहिला आणि पुढे ‘सबलॉजिक’ ही कंपनी काढून अ‍ॅपल २ साठी रेषारेषांचं एक सिम्युलेटर विकायला आणलं. मायक्रोसॉफ्टने ते आयबीएम पीसीसाठी मागितलं आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची पहिली आवृत्ती आली. शिकागोच्या तळ्याकाठी मेग्ज फील्ड नावाची एक छोटी धावपट्टी होती. तिथे सेस्ना उभं असे आणि खेळ सुरू होई. त्या पीसीमध्ये इंटेलचा ८०८८ होता: २९,००० ट्रान्झिस्टर, ४.७७ मेगाहर्ट्झ. चाळीस पायांची ती चिप उघडीच बसवलेली असे. तिच्यावर हीटसिंक नाही, पंखाही नाही. अख्ख्या यंत्राचा वीजपुरवठा ६३.५ वॉटचा होता. आजच्या ९८००एक्स३डीच्या एकट्याच्या नावापुढे १२० वॉट लिहिलेले असतात.

आर्टविक यांचा प्रोग्रॅम यंत्राच्या पार तळाशी जाऊन बोलत असे. त्यामुळे बाजारात आयबीएमची नक्कल म्हणून येणारं यंत्र खरंच तसं आहे का, हे तपासायला लोक त्यावर दोन गोष्टी चालवून बघत: लोटस १-२-३ आणि फ्लाइट सिम्युलेटर. विमान उडालं तर यंत्र खरं.

प्रोसेसरवर धातू चढायला लागला तो ४८६ च्या काळात. १९९२ साली आलेल्या ४८६डीएक्स२ मध्ये एक नवी युक्ती होती. मदरबोर्ड ३३ मेगाहर्ट्झवर चाले आणि प्रोसेसर आतल्या आत त्याची दुप्पट करून ६६ वर. बाहेरचा वेग आणि आतला गुणक, अशा दोन किल्ल्या त्या दिवशी हौशी माणसाच्या हाती आल्या. त्याच काळात प्रोसेसरच्या डोक्यावर छोटा पंखा दिसू लागला आणि पुढच्या वर्षी आलेला पहिला पेंटियम तर १५ वॉटच्या आसपास खाई.

या दोन किल्ल्यांचा सर्वांत गाजलेला वापर १९९८ साली झाला. इंटेलने ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आणला. त्याचा गुणक ४.५ वर कायमचा बांधलेला होता, पण बाहेरचा ६६ मेगाहर्ट्झचा वेग मदरबोर्डच्या ताब्यात होता. तो १०० केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळे. हा प्रोसेसर एका उघड्या कार्डावर, उभ्या खाचेत बसणारा असे. त्याच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असे. मदरबोर्ड ऐकत नसेल तर त्यातली बी२१ नावाची एकच पट्टी बारीक चिकटपट्टीने किंवा नेलपॉलिशने झाकायची. तेवढ्याने बोर्डाला वाटे की आपल्यावर १०० मेगाहर्ट्झचाच प्रोसेसर बसला आहे. दीडपट वेगाचं हे दान सिम्युलेटरवाल्यांच्या उपयोगी पडणारच होतं. फ्लाइट सिम्युलेटर २००० ने साऱ्या जगाचे डोंगर-दऱ्या आणल्या आणि त्या काळची चांगली चांगली यंत्रं त्याच्यापुढे धापा टाकू लागली.

मग उष्णतेशी लढाई पेटली. काहींनी मोटारीतला हीटर कोर आणि मत्स्यालयाचा पंप जोडून घरीच पाण्याचे कूलर केले. डेन्मार्कच्या असेटेक कंपनीने तर ‘व्हेपोचिल’ नावाची, फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेली पेटीच विकायला आणली. ती प्रोसेसरला शून्याच्या खाली नेई. कल्पना नवी नव्हती. सेमूर क्रे यांचा १९६४ चा सीडीसी ६६०० हा महासंगणक फ्रीऑन वायूने गार ठेवत. याच असेटेकने पुढे कॉम्प्रेसर सोडला आणि कारखान्यातच पाणी भरून मोहोरबंद केलेले कूलर बनवले. आज दुकानात मिळणारे कित्येक लिक्विड कूलर त्याच वंशातले.

दुसरी शाखा हवेची. हल्लीच्या चांगल्या एअर कूलरमध्ये तळापासून धातूच्या पातळ पात्यांकडे वळत गेलेल्या तांब्याच्या नळ्या दिसतात. त्या भरीव नसतात. आतली हवा काढून थोडंसं पाणी भरलेलं असतं. दाब कमी असल्याने ते पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खाली उकळतं, वाफ गार टोकाकडे धावते, तिथे पाणी होतं आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून शोषलं जाऊन परत तळाशी येतं. ना पंप, ना हलणारा भाग. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी सिद्ध केली ती अंतराळातल्या अणुऊर्जेच्या कामासाठी. अवकाशासाठी झालेलं हे काम आज घरातल्या काल्पनिक विमानाला गार ठेवतं, याचं मला अजूनही मोठं कौतुक वाटतं.

पण वेग चढवत राहायचं आणि मागून कूलर मोठा करायचा, ही वाट फार लांब जाणार नव्हती. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान केला तर त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, आणि म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेगाने, तेवढ्याच उष्णतेत चालतात. तीस वर्षं उद्योग या आश्वासनावर चालला. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इथे महत्त्वाचं. व्होल्टेज दहा टक्के चढवलं तर उष्णता एकवीस टक्के चढते, आणि वेग वाढवला की त्यावर आणखी. २००४ च्या सुमारास ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही वीज गळू लागली आणि व्होल्टेज उतरेना. इंटेलचा ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ शंभर वॉटच्या पलीकडे गेला. ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला पेंटियम ४ त्या ऑक्टोबरमध्ये रद्द झाला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत सर्वांसमोर गुडघा टेकून माफी मागितली. त्यानंतर सगळे प्रोसेसर एकाच्या जागी दोन, चार, आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे भाग, घेऊन येऊ लागले.

सिम्युलेटरला याचा फार जाच झाला. विमानाचा उडण्याचा हिशोब एकामागून एक होतो. आधी वारा कळला पाहिजे, मग पंखावरचा भार, मग कलणं, मग उपकरणांचे काटे, मग चित्र. पुढचं पाऊल मागच्याच्या उत्तराशिवाय पडत नाही, त्यामुळे ते काम आठ जणांत वाटून आठपट लवकर होत नाही. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर दर चित्राला ३३ मिलिसेकंद, आणि त्यातला मोठा वाटा एकाच कोअरच्या डोक्यावर. ऑक्टोबर २००६ मध्ये आलेला फ्लाइट सिम्युलेटर एक्स आखला गेला तेव्हा एकेका कोअरचा वेग वाढतच जाईल असं सर्वांनी धरलं होतं. तो वाढायचाच थांबला. २००७ मध्ये आलेल्या दुरुस्तीने जमीन आणि इमारती वाचून घेण्याचं काम इतर कोअरवर टाकलं, पण मुख्य हिशोबाचा धागा (थ्रेड) एकच राहिला. लोक एफएसएक्सच्या मजकुराच्या फाइलमध्ये ‘अ‍ॅफिनिटीमास्क=१४’ अशी एक ओळ हाताने लिहीत. त्याने चार कोअरपैकी पहिला मोकळा राही आणि सिम्युलेटर उरलेल्या तिघांवर पसरे. एका आकड्यासाठी तासन्‌तास वाद होत. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००९ मध्ये हा सिम्युलेटर बनवणारा चमू बंद केला, तरी त्या सिम्युलेटरसाठी प्रोसेसर चढवणं दहा वर्षं चालू राहिलं. जानेवारी २०११ चा आय५-२५००के त्या काळाचा मानकरी. ३.३ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर साध्याच मोठ्या एअर कूलरखाली ४.५ वर चाले. त्याच्या वरचं धातूचं झाकण चिपला डाख देऊन जोडलेलं होतं. पुढच्या वर्षीच्या आयव्ही ब्रिजमध्ये त्या डाखाची जागा पेस्टने घेतली, तापमान चढलं, आणि लोक दाढीच्या पात्याने ते झाकण कापून आत स्वतःची पेस्ट भरू लागले.

ऑगस्ट २०२० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने नवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणला. उपग्रहाच्या चित्रांतून साकारलेली सारी पृथ्वी, खरं हवामान, खरे ढग. त्याच्या मोजणीच्या चौकटीत मोठ्या विमानतळावर उतरताना हमखास एक वाक्य दिसे: ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’. चाळीस वर्षांनीही अडचण त्याच एका धाग्याची होती.

ती सुटली ती वेग वाढवून नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्याचा वेग आपल्याच साध्या भावापेक्षा कमी होता, वरचा ४.७ च्या जागी ४.५ गिगाहर्ट्झ, आणि ओव्हरक्लॉकिंगला कुलूप होतं. मात्र चिपवर आणखी एक ६४ मेगाबाइटची पातळ चिप बसवून कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच जवळची मेमरी, ३२ वरून ९६ मेगाबाइटवर नेली होती. सिम्युलेटरला लागणारी माहिती विखुरलेली असते: शंभर बाकीची विमानं, कॉकपिटमधली बटणं, धावपट्टीची उंची, वाऱ्याचे थर. ती मुख्य मेमरीतून आणायची तर प्रत्येक खेपेला प्रोसेसर काही शे ठोके नुसता थांबतो. जवळच्या कॅशमध्ये ती सापडली की हा थांबा कितीतरी लहान होतो. व्हर्लविंडच्या कड्यांनी जे केलं तेच हे, फक्त नखाएवढ्या जागेत.

त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागली. कोअरची उष्णता आता सिलिकॉनच्या आणखी एका थरातून वर यायची, म्हणून व्होल्टेज जपून द्यावं लागे. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये एएमडीने क्रम उलटा केला: कॅश खाली, कोअर वर, झाकणाला लागून. कुलूप निघालं, वेग ५.२ गिगाहर्ट्झवर गेला, तापमानाची मर्यादा ९५ अंशांवर. तरीही चिपचा तुकडा इतका लहान आहे की उष्णता एका टिचभर जागेतून उसळते, आणि ती जागा झाकणाच्या मधोमध नसते. म्हणून नॉक्टुआसारखे कूलर बनवणारे आता पट्ट्याच अशा देतात की कूलर ७ मिलिमीटर खाली सरकून बसतो. तेवढ्याने एक ते तीन अंश उतरतात, फुकट.

आजचं ट्यूनिंग इथून सुरू होतं. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा म्हणजे तीन ते पाच मिलिव्होल्ट. वीस उणे केले तर ६० ते १०० मिलिव्होल्ट वाचतात. व्होल्टेज चढवण्याचा धोका किती खरा आहे, ते २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीने दाखवलं. जास्त व्होल्टेजने प्रोसेसर आतून झिजत होते. कंपनीला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. उतरवण्यात प्रोसेसर झिजत नाही, पण काम अर्ध्यात पडू शकतं, आणि तेही भलत्या वेळी. सगळे कोअर जुंपले असताना वेग थोडा खाली असतो आणि सारं ठीक दिसतं. एकटा कोअर हलक्या कामात ५.२ वर झेपावतो तेव्हा वीज कमी पडते. म्हणून एकेक कोअर वेगळा तपासणारी कोअरसायक्लरसारखी चाचणी रात्रभर लावावी आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’ची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद आली का ते बघावं. इतर खेळ बंद पडला तर पुन्हा सुरू करता येतो. मुंबई-लंडनचं नऊ तासांचं उड्डाण धावपट्टी समोर दिसत असताना बंद पडलं तर ते गेलंच.

कूलरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सिम्युलेटर चालवताना हा प्रोसेसर सहसा शंभर वॉटच्या आत राहतो. दोन मनोरे आणि सहा नळ्यांचा चांगला एअर कूलर त्याला पुरतो. लिक्विड कूलरचे वाढीव पैसे ग्राफिक्स कार्डाकडे किंवा बऱ्या योकवर आणि पायपट्ट्यांवर लावावेत. हवेचा असो की पाण्याचा, कोणताही साधा कूलर खोलीपेक्षा गार करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती अंश हे ठरवतो. परदेशी परीक्षणातले आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात दुपारी खोली चाळिशीला टेकली की त्यात अठरा-वीस अंश सरळ मिळवायचे. फ्रिजसारख्या उपायांनी खोलीच्या खाली जाण्याचा मोह मुंबई-कोकणच्या दमट हवेत धरूच नये, मदरबोर्डवर दव साचतं. धूळ हा आपल्याकडचा आणखी एक शत्रू आहे. पात्यांमध्ये अडकलेली धूळ महिन्या-दोन महिन्यांनी ब्रशने काढली नाही तर महागडा कूलरही निरुपयोगी ठरतो. आणि थंडीत ठरवलेला उणे आकडा उन्हाळ्याच्या दुपारी, पंखे स्वच्छ करून, पुन्हा एकदा तपासा. तिथे टिकला तरच तो कायम ठेवा, नाहीतर पाचने शून्याकडे आणा.